तोटी, ताटली आणि मध्यवर्ती ठोसा

चि. ईशान आणि चि. मैत्रेयी,

मागच्या रविवारी फोनवर ईशान सांगत होता की त्याच्या कंपनीने कारखान्याजवळच्या गावातल्या तांत्रिक शाळेला यंत्रे दिली आणि त्या समारंभाला त्याला पाठवले होते. वर मला विचारतो, "तुमच्या वेळी असलं काही नसेल ना आजी?" होते रे. त्याला तेव्हा 'सामाजिक जबाबदारी' असले भारदस्त नाव नव्हते, एवढेच. आमच्या कंपनीचे मोठे साहेब म्हणत, "ज्या गावच्या विहिरीचं पाणी आपला कारखाना पितो, त्या गावच्या मुलांना काम शिकवणं आपल्याकडे लागतं." त्यावरून मला माझा एक प्रवास आठवला. त्या दिवसांत मी रोज संध्याकाळी दोन पाने लिहून ठेवत असे. ती समोर घेऊन बसले आहे. फोनवर सांगितले असते तर तुम्ही नुसते हसला असता, म्हणून लिहूनच पाठवते.

गोष्ट सत्तरच्या दशकातली. मोठा दुष्काळ सरून दोन पावसाळे झाले होते. मी पुण्यात पंप आणि व्हॉल्व्ह बनवणाऱ्या एका कंपनीच्या मुख्य कचेरीत पत्रव्यवहार विभाग सांभाळत होते. आमचा एक कारखाना कडेगावच्या पलीकडे माळावर होता. त्याच्या शेजारच्या जांभूळओढा गावच्या हायस्कुलात कंपनीने तांत्रिक वर्ग काढून दिला होता. लेथ, ड्रिलिंग मशीन, हत्यारे आणि शिक्षकाचा पगार, सगळे कंपनीचे. पहिल्या वर्षाची लेखी परीक्षा झाली आणि अठराच्या अठरा मुले नापास झाली. नुसती नापास नव्हे, पेपर तपासणारे आमचे तरुण इंजिनिअर कुलकर्णी यांचे म्हणणे होते की मुलांनी कंपनीची टिंगल केली आहे. शिवाय आठ जणांनी लिहिले होते की सरफेस प्लेट आम्ही राखेने घासतो. सरफेस प्लेट म्हणजे आरशासारखी सपाट केलेली ओतीव लोखंडाची जड फळी. वस्तू सपाट झाली की नाही हे तिच्यावर ठेवून पाहतात. तिला राख लावणे म्हणजे चष्म्याची काच वाळूने पुसणे.

तेव्हा वर्ग बंद करून यंत्रे कारखान्यात परत न्यावीत, असे ठरत आले होते. अखेरची बैठक सांगलीला, मोठ्या साहेबांसमोर. तिच्या आधी कंपनीचे सचिव आपटे साहेब वर्ग पाहून येणार होते आणि टिपणे घ्यायला मी बरोबर. एक गोष्ट इथेच सांगून टाकते. तो पेपर इंग्रजीतून मराठीत मीच केला होता. त्याचा मला अभिमानही होता. सगळीकडे शुद्ध मराठीचे वारे होते, आणि मी एकही इंग्रजी शब्द त्यात राहू दिला नव्हता.

सातारा

सकाळी निघालो. तेव्हाचा तो रस्ता तुम्ही पाहायला हवा होता. दोन गाड्या कशाबशा शेजारून जातील एवढा, पण दोन्ही बाजूंनी वड, आणि त्यांच्या पारंब्या टपावर घासत. आता ते वड गेले. परवा त्या रस्त्याने गेले तेव्हा कुठे आलो तेच मला कळेना.

खंबाटकीच्या घाटात आमची अँबॅसडर तापली. बॉनेटमधून वाफ येऊ लागली. ड्रायव्हर इस्माईलभाई शांतपणे उतरले आणि म्हणाले, "साहेब, हिला इथं थांबायची सवयच हाय. उतरा, पाय मोकळं करा." पंप बनवणाऱ्या कंपनीचे आम्ही लोक, आणि गाडीत पाण्याचा थेंब नाही. शेवटी उसाची मोळी डोक्यावर घेऊन चाललेल्या एका बाईने आपली कळशी दिली, वर आम्हाला एकेक कांडे मोडून दिले. आपटे साहेबांनी ते सुटाबुटात सोलून खाल्ले.

साताऱ्यात माझी मावसबहीण कुसुम राहत असे. मुक्काम तिच्याकडे. तिने कंदी पेढे पुढे ठेवले. आपल्याकडच्या पेढ्यांसारखे ते पिवळे, वेलची घातलेले नसतात. खरपूस भाजलेल्या खव्याचे, तपकिरी आणि बेताचे गोड असतात. मी कामाचे सांगितल्यावर ती पेढा हातात धरूनच म्हणाली, "म्हणजे यंत्रं दिलीत आणि आता परत मागायला निघालात? लेकीच्या अंगावर घातलेला दागिना कुणी उतरवून घेतं का गं?"

"लेक दागिना राखेनं घासत असेल तर?" मी म्हटले.

"मग आधी जाऊन बघावं, खरंच घासते का."

ती बोलली ते मला खोचक वाटले. चांगले सांगितलेले बहुधा तसेच वाटते.

जांभूळओढा

कराड सोडले आणि दोन्ही बाजूंना ऊस सुरू झाला. हंगाम जोरात होता. बैलगाड्यांची रांग संपता संपेना. एका गुऱ्हाळावर इस्माईलभाईंनी गाडी थांबवली. नुकत्याच काढलेल्या गुळाचा ऊन लपका पळसाच्या पानावर घेऊन आम्ही उभ्या उभ्या खाल्ला. त्या वासाने मला आजही कुठल्याही दुकानात थांबवले असते, पण तसा वास आता कुठे येत नाही. कडेगाव गेल्यावर ऊस विरळ झाला आणि मुरमाचा माळ लागला. लांबून आमच्या कारखान्याची पत्र्याची शेड दिसू लागली.

वर्ग म्हणजे हायस्कुलाच्या मागे दोन खोल्या. बाहेर वहाणा ओळीने काढलेल्या. दारात वर्गाचे शिक्षक जाधव हवालदार उभे. वय पन्नाशीचे, मिशा पिळलेल्या. फौजेत गाड्या दुरुस्त करण्यात वीस वर्षे घालवून आलेला माणूस. त्यांनी कडक सलाम ठोकला. आपटे साहेबांनी नमस्काराला जोडलेल्या हातांचे काय करावे ते न कळून ते खिशात घातले.

लेथवर दसऱ्याच्या पूजेचे कुंकू अजून होते. झेंडूची वाळकी माळ मात्र काढून भिंतीला टांगली होती, चाकात अडकू नये म्हणून. आपटे साहेब सरळ सरफेस प्लेटकडे गेले. तिच्यावर धुतलेले पांढरे फडके होते. फडके उचलले तर खाली तेलाचा पातळ हात फिरवलेली प्लेट. तिच्यात खिडकीचे गज दिसत होते. कुठे ओरखडा नाही.

"राखेनं घासता ना ही?" आपटे साहेबांनी विचारले.

हवालदारांचा चेहरा असा झाला की जणू कुणी त्यांच्या मुलाबाळांबद्दल वाईट बोलले. "राखंनं? साब, हिला बोट लावायचं झालं तर पोरं आदी हात धुवून येत्यात. राखंचं कुनी सांगितलं तुमास्नी?"

"तुमच्या मुलांनीच लिहिलंय पेपरात."

हवालदारांनी फडके पुन्हा प्लेटवर नीट पसरले. मुले खाली बघू लागली. मला ते खटकले, पण का ते उमगले नाही. मी वहीत लिहिले : प्लेट उत्तम स्थितीत.

मग जेवण, हवालदारांच्याच घरी. इथे एक पंचाईत झाली. त्या गावात पुरुषांची पंगत आधी बसे आणि बायका नंतर चुलीपाशी जेवत. आपल्या घरी मी आणि तुमचे आजोबा पहिल्यापासून एका टेबलाशी बसायचो, तेव्हा मला हे नवीनच. हवालदारांची बायको हौसाबाई ताट हातात घेऊन दारात घोटाळली. मी बाई म्हणावी तर साहेबांबरोबर आलेली, साहेब म्हणावे तर लुगड्यातली.

"आवं बाई, तुमी सायबांच्या पंगतीला बसताय, का माज्यासंगट आत?"

"आत येते," मी म्हटले. खरे कारण एवढेच की बाहेर आपटे साहेब सुधारणेवर बोलू लागले होते.

आत शाळूची भाकरी, पिठलं, कांदा-लसणाची चटणी आणि दही. चटणीने माझ्या डोळ्यांत पाणी आले. हौसाबाई हसली. "पुण्याकडं भाजीत गूळ घालत्यात म्हनं. म्हनून झोंबतंय." मग भाकरी थापता थापता आपसूक बोलू लागली. "लय वंगाळ झालं बगा. पोरं रातध्याड अब्यास करत हुती. आमच्या ह्यांनी सुट्टीच्या दिशीबी शिकवलं. आन् पेपरात आलं काय, तर तोटी! आमच्या गावात तोटी हाय कुटं? समदं गाव आडावर पानी भरतंय."

मी घास ताटात ठेवला. "तोटी?"

"व्हय. आन् कसली ताटली कशी घासायची त्ये. ताटली राखंनंच घासत्यात की वो! पोरांनी खरं त्येच लिवलं. आन् त्यो आमचा तानाजी, तालमीतला गडी, त्येला ठोशाचं इचारलं. घरी यिऊन मला म्हनतोय, काकी, कंपनीला कुस्ती यीत न्हाई."

मी हात धुतले आणि हवालदारांना पेपर मागितला. त्यांनी ट्रंकेतून, फौजेच्या कागदांबरोबर जपून ठेवलेला काढून दिला. माझीच भाषा. इंग्रजी पेपरात 'टॅप' होता. लोखंडाच्या भोकात आटे पाडायचे हत्यार. मी ते केले 'तोटी'. पाण्याचे व्हॉल्व्ह बनवणाऱ्या कंपनीत बसून मला दुसरे काही सुचलेच नव्हते. सरफेस प्लेटची केली 'पृष्ठभागाची ताटली'. आणि सेंटर पंच, म्हणजे भोक पाडण्याआधी जागेवर खूण ठोकायची अणकुचीदार पोलादी कांडी, तिचा केला 'मध्यवर्ती ठोसा'. इंजिनिअर दौऱ्यावर होते, छापखान्याची घाई होती, आणि मला शब्दकोशावर भरवसा होता. मराठी पेपर कुलकर्णींनी पाहिलाच नव्हता. इंग्रजी पेपर समोर ठेवून ते नुसती उत्तरे तपासत गेले होते.

"हवालदार, वर्गात तुम्ही याला काय म्हणता?" मी त्या ओळीवर बोट ठेवले.

"ट्याप. फौजेत ट्यापच म्हनत्यात."

"मग हे चुकलंय असं कळवलं का नाही?"

"मला वाटलं, मराठीत त्येचं खरं नाव तोटी आसंल. मी सातवी शिकल्याला मानूस, बाई. पुन्यातलं मराठी चुकंल कसं?"

मी घडी करून पेपर पर्समध्ये ठेवला आणि गाडीत बसले.

सांगली

तासगाववरून सांगलीला पोचलो तेव्हा ऊन उतरले होते. गावात शिरण्याआधीच हळदीचा वास आला. त्या दिवसांत सांगलीत श्वास घेतला तरी हळद लागे. आम्ही गणपतीच्या देवळात जाऊन कृष्णेच्या घाटावर बसलो. आपटे साहेबांनी भडंगाचा पुडा घेतला होता. लसूण, मेतकूट आणि तिखटाचे ते चुरमुरे इथले लोक चहाबरोबर खातात, आपल्याकडे चिवडा खातो तसे. मी एरवी सगळा पुडा संपवला असता.

तुम्हाला खोटे सांगायचे नाही. घाटावर बसून मी बराच वेळ गप्प राहायचा विचार केला. त्या महिन्यात माझे नाव अधिकारीपदासाठी गेले होते. आमच्या कंपनीत तोवर कुणी बाई अधिकारी झाली नव्हती. मी बोलले नसते तर वर्ग बंद झाला असता, यंत्रे कारखान्यात गेली असती, आणि कुणाला काही कळले नसते. कळले असते फक्त हौसाबाईला आणि त्या अठरा मुलांना, आणि तिथे तर हवालदारांनाही वाटत होते की चूक आपलीच आहे. या शेवटच्या गोष्टीपाशी मी दर वेळी अडकत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी बैठक. मोठे साहेब स्वतः इंजिनिअर. हातावर जुन्या भाजल्याचे डाग होते आणि ते लपवायला ते कधी लांब बाह्या घालत नसत. कुलकर्णींनी निकाल सांगितला. आपटे साहेब म्हणाले, "प्लेट चांगली दिसली खरी, पण आम्ही येणार म्हणून पुसली असेल. बाई, पुढचा मुद्दा लिहून घ्या."

"लिहून घेण्याआधी मला वाचून दाखवायचंय," मी म्हटले.

"तुम्ही टिपणं घ्यायला आलाय बाई."

"हो. पण पेपर मराठीत मीच केला होता."

मी प्रश्न वाचला : तोटी कशी वापरतात ते क्रमाने लिहा. आणि कुलकर्णींच्या गठ्ठ्यातले एक उत्तर : प्रथम घागर खाली ठेवावी. दुसरे : आमच्या गावी तोटी नाही, आड आहे. आडाचा क्रम लिहू का? मग तानाजीचा पेपर. मध्यवर्ती ठोसा कोठे मारतात? उत्तर : ठोसा मारता येत नाही. मारल्यास पंच बाद करतात. फारच निकड असेल तर धोबीपछाड लावावा.

मोठे साहेब एवढे हसले की चष्मा काढून डोळे पुसावे लागले. कुलकर्णी हसले नाहीत. त्यांनी इंग्रजी पेपर ओढून घेतला, ओळीमागून ओळ लावून पाहिली आणि कानापर्यंत लाल झाले. "मी मराठी पेपर मागवायला हवा होता," ते हळूच म्हणाले. त्यासाठी मी त्यांना आजही मानते.

मग मोठ्या साहेबांचे हसू गेले. "म्हणजे आपण मुलांना नळाबद्दल विचारलं, त्यांनी नळाबद्दल सांगितलं, आणि आपण त्यांना नापास केलं."

"वर्षाची परीक्षा आहे साहेब, परत घेणं नियमात..." आपटे साहेब म्हणू लागले.

"आपटे, नियम आपणच केलेत. उद्या मी येतो. कागद नको. हत्यारं बाहेर काढायला सांगा." मग माझ्याकडे वळून ते म्हणाले, "तुम्हीही या. तुमचं पुढं काय ते नंतर बघू."

पुन्हा जांभूळओढा

परीक्षा खोल्यांसमोरच्या अंगणात झाली. अर्धे गाव कुंपणाला टेकून उभे. मोठ्या साहेबांनी लोखंडाचा एक तुकडा तानाजीच्या हातात दिला. कुस्तीने कान चिरडलेला, मानेने माझ्या दुप्पट असा तो मुलगा. "याला भोक पाड आणि आटे पाड."

तानाजीने रेघा मारल्या, सेंटर पंच जागेवर धरला आणि हातोडीचा एकच ठोका दिला. कुंपणावरून कुणीतरी ओरडले, "आरं तान्या, ठोसा मारलास रं! पंच बाद करंल!" सगळे अंगण हसले. तानाजी हसला नाही. भोक पाडले, तेल सोडले आणि टॅप हळूहळू फिरवू लागला.

"अर्धा पुढं, पाव मागं," हवालदार स्वतःशीच पुटपुटत होते. दर अर्ध्या फेऱ्याला जरा मागे फिरवले की लोखंडाचा कीस मोडतो आणि टॅप तुटत नाही, असे कुलकर्णींनी मला कानात सांगितले. झाल्यावर मोठ्या साहेबांनी खिशातून एक बोल्ट काढला आणि भोकात फिरवला. बोल्ट बोटांनीच शेवटपर्यंत गेला. त्यांनी तो पुन्हा काढला, पुन्हा फिरवला. मला वाटते त्यांना आनंद झाला होता आणि तो दाखवायचा नव्हता.

अठरांपैकी सतरा पास झाले. अठराव्याने टॅप मोडला. हवालदारांनी त्याच्याकडे असे पाहिले की शिक्षा तिथेच झाली. वर्ग चालू राहणार, असे मोठ्या साहेबांनी सर्वांसमोर सांगितले. हौसाबाईने दारातूनच पदराने डोळे टिपले.

मी तानाजीला बाजूला घेतले. "तुला तर सगळं येत होतं. मग तसलं उत्तर का लिहिलंस?"

तो पायाच्या अंगठ्याने माती उकरत म्हणाला, "पुण्यास्नं छापून आल्यालं, बाई. वाटलं, ठोशाचं काय तरी आसंल, आमचंच शिकायचं ऱ्हायलं आसंल."

इतक्या वर्षांत मला पुष्कळ बोलणी बसली. हे बोलणे नव्हतेच, तरी ते सगळ्यांत जास्त लागले.

"आता पुढचा पेपर कुणी काढायचा?" मोठ्या साहेबांनी विचारले. हवालदार पुढे झाले. "बाईंनीच काढावा साब. पर आदी आठ दिस वर्गात बसू द्या त्यांस्नी. हत्यार हातात धरल्याबिगर त्येचं नाव कळत न्हाई."

मोठ्या साहेबांनी मान हलवली. अधिकारीपद त्या वर्षी मला मिळाले नाही. पुढेही दोन वर्षे मिळाले नाही. पण ते आठ दिवस मिळाले. मी हौसाबाईकडे राहिले, तिच्यासंगट चुलीपाशी जेवले, आणि रोज सकाळी वहाण बाहेर काढून वर्गात उभी राहिले. माझ्यासमोर वाइसच्या लोखंडी जबड्यात आवळलेला लोखंडाचा एक चौकोनी तुकडा, हातात कानस. काम एकच : चारही बाजू घासून काटकोनात आणायच्या. पहिल्या दिवशी तळहाताला फोड आले. दुसऱ्या दिवशी ते फुटले. मुले आपापले काम करता करता माझ्याकडे बघत आणि एकमेकांना कोपराने ढोसत.

आठव्या दिवशी मी तुकडा काढला, पुसला आणि तानाजीकडे दिला. त्याने त्याला गुण्या लावला. तो काटकोनी हत्यार तुकड्याला भिडवून त्याने दोन्ही खिडकीच्या उजेडाकडे धरले आणि एक डोळा मिटला. काम बरोबर असेल तर मधून उजेड येत नाही.

"उजेड दिसतोय, बाई," तो म्हणाला. मला दाखवले. खरेच, केसाएवढी पांढरी रेघ होती.

"म्हणजे नापास?"

तानाजीने हवालदारांकडे पाहिले, मग माझ्याकडे. खोटे बोलावे की काय, असे क्षणभर त्याच्या तोंडावर आले आणि गेले.

"नापास," तो म्हणाला आणि तुकडा पुन्हा माझ्या हातात ठेवला. "पर ह्यो कोपरा लय चांगला आलाय. उद्या ह्योच धरून बाकीचं घासा."

माझी पुण्याची गाडी दुसऱ्या दिवशी सकाळची होती. मी हौसाबाईला सांगितले की आणखी एक दिवस राहते.

तुमची,
आजी